सोडायची गोष्ट

रामटेक
९ जानेवारी १९७३

चि. लहानूस,
ताईचा जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. घरी सगळं बरं आहे, बाबांचा खोकलाही कमी आहे. घाबरायचंच असेल तर माझ्यासाठी घाबर, कारण माझं लग्न ठरू घातलंय.

स्थळ कामठीचं, वासनिकांचं. मुलगा केशव, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून आहे. परवा पाहायला आले होते. मी पोहे घेऊन गेले तर हा माणूस पोह्यांकडेच बघत बसला. वडील नानाजी मात्र भरपूर बोलतात. मला विचारलं, "एक्स्चेंजमंदी काय करता वं बाई?" मी म्हटलं, लोकांचे फोन जोडते. तर म्हणाले, "मंग तं साऱ्या गावाच्या गोष्टी तुमालेच ठाऊक असन!" सगळे हसले. माणसं मोकळी वाटली. मुलगाही मला आवडला, हे तुला सांगते, बाबांना सांगू नकोस.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात कामठीला बैठक आहे. आपल्याकडे बैठकीत मुलगी नसते. मी इकडे रामटेकला बसणार आणि माझं काय करायचं ते तिकडे सतरंजीवर ठरणार. बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे. कोणी जरा मोठ्यानं बोललं की "तुमी म्हनसान तसं" म्हणून मोकळे होतात. म्हणून माझा शब्द तू घेऊन जा.

शब्द एकच आहे. मी नोकरी सोडणार नाही. लग्न रामटेकला होवो की कामठीला, बँड वाजो न वाजो, त्यांचं बाकी सगळं मान्य कर. कामठीच्या एक्स्चेंजमध्ये यंदा एक जागा रिकामी होणार आहे. साहेब म्हणाले, अर्ज केलास तर बदली होईल. तेवढं त्यांच्याकडून स्पष्ट हो म्हणवून घे. कानाला हेडफोन लावला की मी कोणाची, कोणत्या वस्तीतली, हे कोणी विचारत नाही. भातगिरणीचे मोठमोठे शेठ "हो बाई, थांबतो बाई" म्हणतात. ते मला सोडवत नाही.

तू एवढं मॅनेजमेंट का काय शिकतोयस, त्याचा उपयोग घरच्यांना होऊ दे.

तुझी,
प्रेमिलाताई


नागपूर
१५ जानेवारी १९७३

ती. ताईस,
लहानूचा जय भीम.

पत्र वाचून वसतिगृहात सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. आणि तू अगदी योग्य माणसाकडे आलीस!

सध्या सुभेदार सर आम्हाला नेमकं हेच शिकवत आहेत. माणसांचं नेतृत्व कसं करायचं, प्रभाव कसा पाडायचा, वाटाघाटी कशा करायच्या. वर्गात दोन गट पाडतात. एक गिरणीमालक, एक कामगार. मग टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडायचं. सर खिडकीत उभे राहून फक्त ऐकतात. त्यांचं एक सांगणं मी मनात कोरून ठेवलंय. वाटाघाटीला जाताना खिशात एक सोडायची गोष्ट घेऊन जा. ती आपणहून, आधीच द्या. समोरचा सैल पडतो, आणि मग आपल्याला हवं ते मागता येतं.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. वर्गात निम्मी मुलं इतवारीतल्या व्यापाऱ्यांची. ती लहानपणापासून गादीवर बसून सौदे ऐकत आलेली. मी तोंड उघडलं की "मले-तुले आला" म्हणून हसतात. मागच्या आठवड्यात मी कामगारांचा पुढारी झालो होतो. बोलायला उभा राहिलो आणि दोन वाक्यांत खाली बसलो. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या महिन्यात वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा आहे. माझं नाव कोणी घेईल असं वाटत नाही.

असो. तुझ्या नोकरीची काळजी माझ्याकडे दे आणि तू निश्चिंत राहा. बैठकीत बाबांना मी बोलूच देणार नाही.

तुझा,
लहानू


नागपूर
१२ फेब्रुवारी १९७३

ती. ताईस,
विजयी भावाचा जय भीम!

बाबा घरी पोहोचून बरंच काही बोलले असतील, पण लढाईची हकिकत सेनापतीकडूनच ऐकावी.

नानाजी सुरुवातीला अडूनच बसले होते. लग्न कामठीलाच, बँड पार्टी, वस्तीभर मिरवणूक. त्यांचे दोन भाऊ मिशांवरून हात फिरवत बसलेले. पण तासाभरात चित्र पालटलं. लग्न रामटेकला, आपल्या विहारात. बँड नाही. देणं-घेणं काही नाही. तारीख माझी परीक्षा झाल्यावरची. बाबा बाहेर येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "माह्यापेक्षा मोठा झाला गा तू." ताई, बाबा असं कधी बोलल्याचं तुला आठवतं का?

तुझ्या नोकरीचंही बोलणं झालं. तो प्रश्न मिटला. आता एक पथ्य पाळ. बैठकीत ठरलेली गोष्ट मुलीनं पुन्हा काढली तर त्यांना वाटेल आपला विश्वास नाही. तेव्हा तिकडे गेल्यावर तू होऊन तो विषय काढू नकोस.

काल सुभेदार सरांनी मला वर्गापुढे उभं केलं आणि सगळी हकिकत सांगायला लावली. सांगून झाल्यावर इतवारीच्या मुलांनीच बाकं वाजवली. आज मी वर्गाचा प्रतिनिधी आहे, बिनविरोध. या यशात तुझाही वाटा आहे.

तुझा,
लहानू


रामटेक
१७ फेब्रुवारी १९७३

चि. लहानूस,
सेनापतीच्या बहिणीचा जय भीम.

तुझं पत्र मी एक्स्चेंजमध्ये मोठ्यानं वाचलं. सोबतच्या सिंधूताईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या लग्नात असा भाऊ असता तर त्यांचं शिक्षण अर्धवट सुटलं नसतं असं म्हणाल्या. दिवसभर प्रत्येक ट्रंक कॉलला मी इतक्या गोड आवाजात "बोला" म्हटलं की एका शेठनं विचारलं, आज बाईंना काय झालं?

पण लबाडा, बँडचं दोन ओळी लिहिलंस, मिशांचं लिहिलंस, आणि माझ्या नोकरीचं एवढंसं? नानाजी नेमकं काय म्हणाले? केशव काही बोलले का? मला शब्द न शब्द हवा आहे. बाबांना विचारलं तर नुसते हसले आणि म्हणाले, "लहानूनं बराबर केलं." ज्या माणसाला आपली मुलगी काय करते ते सांगताना ऊर भरून येतो, त्यांना याहून जास्त काही सुचलं नाही!

बदलीचा अर्ज तयार आहे. उद्या साहेबांकडे देते.

तुझी,
ताई


नागपूर
२१ फेब्रुवारी १९७३

ती. ताई,
जय भीम. घाईत आहे, प्रतिनिधी झाल्यापासून श्वास घ्यायला वेळ नाही. शब्दशः काय सांगू? मिटलं म्हणजे मिटलं. बदलीचा अर्ज मात्र आत्ता देऊ नकोस. नव्या नावानं, नव्या पत्त्यावरून दिलेला बरा. आधी रजा काढ, लग्न होऊ दे. वेळ साधणं ही अर्धी वाटाघाट असते.
लहानू


कामठी
२० जून १९७३

चि. लहानूस,
जय भीम.

लग्नात तू इतका मिरवलास की नवरी कोण असा लोकांना प्रश्न पडला होता. त्यानंतर तुझं पत्र नाही.

इथे सगळं चांगलं आहे असंच लिहिणार होते. सासूबाई कौसल्याबाई जिवाला जीव देणाऱ्या आहेत. शेजारी यंत्रमाग आहेत, त्यांची खडखड पहाटेपासून चालू होते. पहिले चार दिवस कान किटले, आता ऐकूही येत नाही. हे कामावरून येताना कधी संत्री, कधी चिवडा आणतात आणि पुडी माझ्या हातात न देता खिडकीत ठेवून देतात. अजून लाजतात.

पण चार दिवसांपूर्वी सासूबाई तांदूळ निवडताना सहज म्हणाल्या, "राजीनामा धाडला काय वं? का रजा सरल्यावर धाडतं?" माझ्या हातातलं सूपच थांबलं. मग मी पुन्हा पाखडू लागले. तू सांगितलं होतंस, विषय काढायचा नाही. संध्याकाळी यांना एकट्यात गाठून एवढंच म्हटलं, "बैठकीत दिलेला शब्द पाळायचा असतो." तर हे माझ्याकडे बघत राहिले. "कोनता शब्द? सारेच तं पाळले." चेहरा इतका साळसूद की मला राग आवरेना. मी म्हटलं, सोयीनं विसरता येतं वाटतं तुमच्याकडे. तेव्हापासून घरात बोलणं नाही. खिडकीत पुडीही नाही.

लहानू, मी ज्यांना मोकळी माणसं समजले ती अशी निघाली. सतरंजीवर बसून हो म्हणायचं आणि मुलगी घरात आली की हात वर करायचे. माझी रजा संपत आली आहे. येत्या रविवारी तू ये. नानाजींसमोर बस आणि त्यांनी दिलेला शब्द त्यांना आठवून दे. तुझ्याशिवाय हे कोणी करू शकणार नाही.

वाट पाहते.

ताई


नागपूर
२२ जून १९७३

ती. ताईस,
जय भीम.

रविवारी येणं जमणार नाही. एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं आहे आणि सुट्टीच्या दिवशीही बोलावतात.

शांत डोक्यानं ऐक. माझ्या येण्यानं प्रकरण चिघळेल. भाऊ येऊन भांडला की मुलीची बाजू कायमची पडते. आणि केशवभाऊजींना तू जे बोललीस ते योग्य नव्हतं. समोरच्याला खोटं पाडलं की तो दार बंद करतो.

माझा सल्ला आहे, तू राजीनामा दे. दचकू नकोस. ही माघार नाही, चाल आहे. तू आपणहून सोडलंस की त्यांच्या मनावर ओझं राहील. सहा महिने घर सांभाळून दाखव. मग नानाजीच म्हणतील, शिकलेली सून घरात काय बसून राहिली. तेव्हा पुन्हा अर्ज करता येईल, एवढा अनुभव असलेल्या बाईला कोण नाही म्हणेल? आणि तोवर बैठकीचं नावही काढू नकोस. कोणाकडेही नाही, बाबांकडेही नाही.

आजवर माझ्यावर विश्वास ठेवलास. एवढा आणखी ठेव.

तुझा,
लहानू


कामठी
१४ जुलै १९७३

चि. लहानूस,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. काल रामटेकला जाऊन राजीनामा दिला.

साहेबांनी विचारलं, "बदली मिळत असताना काहून सोडता?" मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. सिंधूताईंनी मला शेवटचा एक कॉल जोडू दिला. कोणीतरी नागपूरला आपल्या मुलाशी बोलत होता, नुसतं जेवलास का, झोपलास का. मी नियम मोडून सगळं ऐकलं. मग हेडफोन खुंटीला लावला आणि बसमध्ये बसले. वाटेत मनसर येईपर्यंत रडले नाही.

घरी आल्यावर कौसल्याबाईंनी गोडाचं केलं. मी ते ताटात तसंच ठेवलं. मला वाटलं, जिंकल्याचं गोड करताहेत. हे जेवून उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

तुझ्या भरवशावर केलं आहे.

प्रेमिला


कामठी
२५ नोव्हेंबर १९७३

लहानू,

गेल्या आठवड्यात कौसल्याबाईंचं आणि माझं भांडण झालं. त्यांनी सहज म्हटलं, दिवसभर तोंड पाडून बसतं, जरा शेजारी जात जा. माझा इतक्या महिन्यांचा बांध फुटला. मी म्हटलं, तुम्ही शब्द देऊन फिरवलात, माझी नोकरी घेतलीत, आता हसू कुठून आणू?

त्या उठून उभ्या राहिल्या. त्या काय म्हणाल्या ते मी जसंच्या तसं लिहिते. तुझ्याकडून शब्दशः कधी मिळालं नाही, माझ्याकडून घे.

"आमी कुठं म्हटलं होतं वं बाई, का नौकरी सोड म्हून? तुह्या भावानंच पयले तोंड उघडलं. आमचा चहा बी झाला नव्हता. म्हने, पोरगी नौकरी सोडते, घर पाह्यते, हे आमच्याकडून पक्कं समजा. आमी एकमेकाच्या तोंडाकडे पाह्यत राह्यलो. केशवनं तं इथल्या हापिसात जाऊन बदलीचं इचारून ठेवलं होतं. आमाले वाटलं, तुलेच नोको असन नौकरी. मंग जबरदस्ती काहून करा?"

मागितली नव्हती, लहानू. कोणी मागितलीच नव्हती.

मी बाबांना विचारायला रामटेकला गेले. ते मान खाली घालून म्हणाले, "मले वाटलं तुमचं दोघायचं ठरलं असन." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मला त्यांच्यावर रागही धरता आला नाही.

आता हिशेब लाव. तू मला म्हणालास, विषय काढू नको. मी काढला असता तर पहिल्याच दिवशी सगळं उघड झालं असतं. तू म्हणालास, अर्ज थांबव. तू म्हणालास, राजीनामा दे. मला वाटलं तू माझ्यासाठी चाल खेळतोयस. तू स्वतःचं झाकत होतास. आणि मी या भल्या माणसांना खोटारडी समजत राहिले. यांना मी काय काय बोलले! ज्या माणसानं माझ्यासाठी आधीच एक्स्चेंजच्या पायऱ्या चढून ठेवल्या, त्याच्याशी मी पाच महिने धड बोलले नाही.

खरं कळल्यावर यांनी रजा काढली. मला घेऊन आधी इथल्या, मग रामटेकच्या साहेबांकडे गेले. कामठीची जागा सप्टेंबरात भरली. राजीनामा मंजूर झालेल्या बाईला परत घेता येत नाही. नवी भरती निघाली तरी माझं वय बसत नाही. परत येताना हे म्हणाले, "तुमी एक डाव मले इचारलं असतं तं." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

परक्यानं फसवलं असतं तर मी भांडले असते. मी माझा शब्द तुझ्या हातात दिला होता, कारण त्या खोलीत मला जाता येत नव्हतं. तोच नेऊन तू पहिल्या घासाला टाकून दिलास. काहून केलंस गा?

प्रेमिला


नागपूर
३० नोव्हेंबर १९७३

ती. ताईस,
जय भीम.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. तू रागात आहेस आणि रागात माणूस एकच बाजू बघतो.

तू त्या खोलीत नव्हतीस. आम्ही आत गेलो तेव्हा कोणी माझ्याकडे पाहतही नव्हतं. नानाजींचे भाऊ बाबांना "बसा धोंडबा" म्हणाले आणि मला म्हणाले, "पानी आन गा पोट्ट्या." काहीतरी आधी द्यायला हवं होतं. आपल्याकडे द्यायला दुसरं होतं काय? मी ते बोललो आणि सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. त्यानंतर मी म्हणेन ते त्यांनी ऐकलं. लग्न विहारात झालं, बाबांची मान वर राहिली, एवढं मिळालं ते तू मोजतच नाहीस.

आज ना उद्या त्यांनी नोकरी सोडायला सांगितलीच असती. सगळीकडे तेच होतं. मी फक्त आधी ओळखलं. मला वाटलं होतं, पुढे हळूहळू त्यातून मार्ग काढता येईल.

सुभेदार सरांनी वर्गात मला एकच प्रश्न विचारला होता. बहिणीला विचारलं होतंस ना? मी हो म्हटलं. खोटं नाही बोललो, तू सगळं माझ्यावर सोपवलंच होतंस.

मी तुझं वाईट चिंतलं नाही हे तुलाही माहीत आहे. राग सोड आणि दोन ओळी लिही.

तुझा,
लहानू


नागपूर
८ फेब्रुवारी १९७७

ती. प्रेमिलाताईस,
लहानूचा जय भीम.

तीन वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. बाबांकडून तुझी खुशाली कळते. मुलगी तुझ्यासारखी बोलकी आहे असं ते सांगतात.

आज गरज म्हणून लिहितो. माझं लग्न ठरतं आहे. इथल्याच इंदोरा वस्तीतली देवकी गजभिये, शिवणकामाच्या शाळेत शिक्षिका आहे. आम्ही एकदा भेटलो, मला ती मनापासून आवडली. बैठक पुढच्या रविवारी तिच्या घरी आहे. आता मी कारखान्यात कामगार अधिकारी आहे, रोज युनियनशी बोलणी करतो. पण आपल्या लग्नाच्या बैठकीत नवऱ्या मुलानं बोलायचं नसतं. बाबांचा खोकला पुन्हा वाढला आहे, त्यांना चार वाक्यं बोलली की धाप लागते. आईच्या जागी तू आहेस. तूच जायला हवं.

माझं एकच म्हणणं आहे. बाबा लग्नानंतर माझ्याकडे राहतील. देवकीच्या घरच्यांना माझ्या दोन खोल्यांत सासरा नको आहे असं कानावर आलंय. बाकी कशावरही तडजोड कर, पण हे सोडू नकोस. बाबांना मी रामटेकला एकटं ठेवू शकत नाही.

तू गेली नाहीस तर समजून घेईन. पण गेलीस तर माझा शब्द तुझ्या हातात आहे.

तुझा,
लहानू


कामठी
२२ फेब्रुवारी १९७७

लहानूस,
जय भीम.

मी गेले होते. हे सोबत होते.

बसल्या बसल्याच तुझं म्हणणं सांगितलं. बाबा मुलाकडे राहतील, यावर बोलणी नाही. देवकीचे वडील बाबाराव म्हणाले, निदान वर्षभर राजाराणीला वेगळं राहू द्या. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, सहा महिने मुलाकडे, सहा महिने तुमच्याकडे ठेवा. त्यालाही नाही म्हटलं, बाबा काही भाड्याची सायकल नाहीत. त्यांनी आहेर वाढवतो म्हटलं, लग्न हवं तिथे करू म्हटलं. मी मोठमोठ्यानं काही बोलले नाही. माझ्याजवळ सोडायला दुसरं काही नव्हतं आणि मी शोधलंही नाही. तासाभरानं त्यांनी मान्य केलं. तुझं काम झालं.

निघताना तिची आई गोपिकाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरगा शब्दाचा पक्का हाये ना वं बाई? तुमी त्याच्या बहीन. खरं सांगा." या प्रश्नाला प्रत्येक बहीण हो म्हणते. मी उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. माझी नोकरी, तुझी बैठक, तुझी पत्रं, राजीनामा. काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. तू चांगला मुलगा आहेस, बापाला टाकणार नाहीस, हेही सांगितलं. आणि आपली मान वर व्हावी म्हणून दुसऱ्याची वस्तू देऊन येतोस, हेही.

देवकी आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, लग्न मोडलं. पण ती बाहेर आली, आईच्या शेजारी बसली आणि मला म्हणाली, "तुमचे बाबा मले चालतीन. पन माह्या नौकरीचं मी सोता बोलीन, त्यायच्या तोंडासमोर. त्यायले येऊ द्या." बाबाराव म्हणाले, असं आपल्यात नसतं. ती म्हणाली, "म्हनूनच."

तेव्हा रविवारी जा. ती समोर बसलेली असेल. तिच्या वतीनं बोलायला कोणी नसेल, आणि तुझ्या वतीनंही नाही.

यापुढे बाबांची खुशाली बाबांनाच लिहू दे. मी तुझा शब्द नेला तसाच परत आणून दिला. माझा तुझ्याकडेच राहिला.

प्रेमिला